ट्रक रंगवणाऱ्या गॅरेजमध्ये होडी रंगवून घेतली, चार स्टार

आधीच सांगतो, लांब झालंय. ज्यांना फक्त रेट पाहिजे त्यांनी खाली बघा.

मी बारा फुटी लाकडी होडी बनवली, स्वतः, मखमलाबाद रोडला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, चौदा महिने लागले आणि चेअरमनशी तीन वेळा भांडण झालं. आता नाशकात होडी रंगवून देणारा माणूस शोधायला गेलात तर मिळत नाही, निदान मला तरी नाही मिळाला, फर्निचरचे पॉलिशवाले बघून हसले, एकाने तर विचारलं गणपती विसर्जनाचा सेट आहे का. शेवटी मेव्हण्याच्या ओळखीने आडगावच्या बाजूला मुंबई-आग्रा हायवेला लागून ट्रकच्या बॉडी रंगवणारं गॅरेज आहे तिथे नेली. गॅरेजचं नाव टाकत नाही, उस्तादच म्हणाले की नको टाकू, लोक गाडी आणून लावतात आणि मग रोज फोन करतात. त्या भागात विचारलं की बोर्ड हाताने लिहिणारे उस्ताद कोण, तर कोणीही दाखवेल.

त्यांच्याकडे जायच्या आधी मी काय माती खाल्ली ते सांगायलाच लागेल कारण बिलाचा एक भाग त्याचाच आहे.

होडी सहा एमएमच्या प्लायची, आयएस ७१० शिक्का असलेला बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही न सुटणारा प्लाय, आठ बाय चारच्या तीन शीट. फळ्या कापून कडेने भोकं पाडून तांब्याच्या तारेने अक्षरशः शिवायच्या, सांध्यात इपॉक्सीची (राळ आणि हार्डनर मिसळलं की कडक होणारा पदार्थ) लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, वरून काचकापडाची पट्टी, आणि सुकलं की तारा छाटायच्या. ही काय माझी अक्कल नाही, इंग्लंडमध्ये १९६३ ला मिरर डिंगी म्हणून होडी आली ती लोकांनी अशीच घरोघरी शिवून बनवली. काठाला वरून सागाची पट्टी. इथपर्यंत सगळं झकास, मला वाटलं आता काय रंगच तर मारायचाय, दोन रविवारचं काम.

जानेवारी होता. नाशिकचा जानेवारी म्हणजे सकाळी इपॉक्सी डब्यातून पडेना, काकवीसारखं घट्ट, मग डबा गरम पाण्याच्या बादलीत ठेवला, मिक्स केलं आणि आठ वाजता रोलरने पूर्ण होडीला हात मारला. अकरा वाजता पार्किंगच्या त्या कोपऱ्यात ऊन येतं हे मला चौदा महिने राहून माहीत होतं तरी डोक्यात आलं नाही. ऊन आलं, प्लाय तापला, आतली हवा फुगली आणि इपॉक्सीतून बुडबुडे बाहेर, सगळ्या अंगाला देवी आल्यासारखी होडी. हे काम संध्याकाळी करायचं असतं, लाकूड गार होत असताना, म्हणजे ते हवा आत ओढतं आणि इपॉक्सीपण आत ओढलं जातं. उस्ताद याला म्हणतात लाकूड दम टाकतं. त्यांनी आयुष्यात इपॉक्सीची होडी बघितली नव्हती पण ट्रकच्या लाकडी फाळक्यांना रंग मारून मारून त्यांना हे माहीत होतं.

दुसरी चूक त्याहून भारी. इपॉक्सी सुकल्यावर वर एक तेलकट, मेणचट थर आला होता. मला वाटलं कच्चं राहिलं. घासपेपर मारला तर पेपर दोन मिनिटांत चिकट होऊन बंद. खरं तर तो थर थंडी आणि दमट हवेत हार्डनरमुळे येतो आणि साध्या पाण्याने, भांड्यांच्या हिरव्या स्क्रबरने धुतला की जातो, पाणी, बस्स. मी न धुता वरून हार्डवेअरच्या दुकानातला साधा ऑइल पेंट मारला, निळा. पाच दिवस झाले तरी बोट लावलं की ठसा. शेजारच्यांच्या मांजरीचे चार पाय अजून माझ्या फोनमधल्या फोटोत आहेत. ज्या दुकानातून पेंट घेतला त्याने उलट मलाच सांगितलं की तुमचा हात जड आहे.

तर अशी निळी, चिकट, फोड आलेली होडी छोटा हत्तीत घालून मी आडगावला नेली.

उस्तादांनी काही न बोलता अंगठ्याचं नख रंगात दाबलं, खूण तशीच राहिली. म्हणाले, "हे सगळं काढायचं. नाही काढायचं तर परत घेऊन जा." मी म्हटलं काढू. त्यांचा पोरगा लगेच रिमूव्हरचा डबा घेऊन आला, तिथे मी आडवा पडलो, कारण ट्रकच्या पत्र्यावरचा रंग काढायचा रिमूव्हर खालच्या इपॉक्सीलापण खातो. मग म्हणाले गन लावू, गरम हवेची, तेपण नको, इपॉक्सी तापलं की मऊ पडतं. उस्ताद जरा वैतागले. "भाऊ तुम्हीच करा मग." शेवटी पत्री, म्हणजे खरवडायची पाती, आणि ८० नंबरचा घासपेपर, दोन माणसं, दोन दिवस. हे दोन दिवस माझ्या चुकीचे, पैसे मी निमूट दिले.

यानंतर जे काम झालं त्यासाठी हा रिव्ह्यू लिहितोय.

मी समजत होतो की रंगकाम म्हणजे रंग. त्यांनी सतरा दिवसांपैकी रंग मारला फक्त तीन दिवस. बाकी सगळे दिवस घासणे, बघणे आणि थांबणे. लांबी भरून घासली की ते बाटलीतून काळ्या रंगाचा अगदी पातळ फवारा मारतात, धूळ बसल्यासारखा, मग लांब लाकडी ठोकळ्याला पेपर गुंडाळून तिरका घासतात. उंच जागेवरचं काळं लगेच जातं, खड्ड्यातलं राहतं. म्हणजे खड्डा कुठे आहे ते होडीच सांगते. माझ्या होडीच्या डाव्या बाजूला, जिथे दोन शीटचा जोड आहे, तिथे तळहाताएवढा काळा डाग तीन वेळा राहिला. मला तो हाताला अजिबात लागत नव्हता. मी म्हटलं सोडा उस्ताद, पाण्यात कोण बघतंय. ते म्हणाले चकाकी आली की पाण्यातला मासा पण बघेल, आणि चौथ्यांदा लांबी भरली.

रंगाचा वाद पण झाला. मला गडद निळाच पाहिजे होता, नेव्हीसारखा. ते नाही म्हणाले, त्यांचं कारण होतं की गडद चकचकीत रंगात प्रत्येक लाट दिसते. माझ्या डोक्यात नंतर आलं की दुसरं कारण जास्त मोठं आहे, एप्रिलमध्ये इथे चाळीस डिग्रीच्या उन्हात गडद रंगाची होडी उघड्यावर राहिली तर अंग भाजेल इतकी तापते आणि साधं इपॉक्सी तेवढ्या तापमानाला मऊ व्हायला लागतं, मग आतल्या कापडाची वीण वर उठून दिसते. म्हणून होड्या बऱ्याचदा पांढऱ्या-क्रीम असतात. झाली क्रीम, खाली गेरूच्या जवळ जाणारा लाल. आता मीच लोकांना सांगतो की क्रीम माझी चॉइस होती.

पाण्याची रेघ, म्हणजे क्रीम आणि लाल जिथे मिळतात ती लाइन, हा प्रकार मला सगळ्यात अवघड वाटत होता. होडीचं अंग सगळीकडून वळलेलं, पट्टी लावून रेघ मारली की ती वाकडीच दिसते. उस्तादांनी शेजारच्या बांधकामावरून गवंड्याचा लेव्हल पाइप आणला, पारदर्शक नळी, तिच्यात पाणी. होडी घोड्यांवर उलटी ठेवली, खाली पाचरी मारून दोन्ही बाजू सारख्या केल्या, आणि मग नळीचं एक टोक ठरलेल्या खुणेला धरून दुसरं टोक वीतभर अंतरावर फिरवत पेन्सिलने टिंबं. पाणी जिथे थांबतं तिथे टिंब. पाण्यानेच पाण्याची रेघ काढली. अर्ध्या तासात काम. टेपसुद्धा त्यांनी साधा मास्किंग टेप वापरला नाही, आधी बारीक प्लॅस्टिकचा टेप जो वळणावर वळतो, मग त्याच्या बाहेर रुंद. रेघ अजून ब्लेडसारखी आहे.

आता ज्याच्यासाठी मी अर्धा स्टार जास्त देईन असलं काम. नाव. होडीचं नाव टिटवी ठेवलं, कारण बनवताना पार्किंगच्या मागच्या प्लॉटवर एक टिटवी रात्रभर ओरडायची. उस्ताद चाळीस वर्षं ट्रकवर अक्षरं लिहितात, पण ट्रकचा फाळका सरळ. होडीचा काठ पुढे वर चढत जातो. त्यांनी खडूने पहिल्यांदा नाव सरळ लिहिलं, जमिनीला समांतर, आणि दोघंही वीस पावलं मागे जाऊन बघितलं तर ते नाव मागे घसरतंय असं वाटत होतं. कारण शिरोरेघ. इंग्रजी अक्षरं सुटी असतात, चालून जातं, आपल्याला वरून रेघ आहे आणि काठ तिच्यापासून फाकत जातो, डोळा लगेच पकडतो. पुसलं. मग सुतळी गेरूत बुडवून काठाला समांतर धरून फटका मारला, हलका बाक आलेली शिरोरेघ आली, आणि त्या बाकाला अक्षरं लटकवली, पण अक्षरांचे दांडे मात्र उभे ठेवले, काठाला काटकोनात नाही. "दांडा पडला तर अक्षर दारू पिलेलं दिसतं" हे त्यांचं वाक्य. खारीच्या केसाचा ब्रश, करंगळी होडीला टेकवलेली, आणि टि ची वेलांटी एका दमात. मी व्हिडिओ काढायचा विसरलो, बघतच राहिलो.

दुसरा ट पहिल्यापेक्षा थोडा बारीक आहे. मोजला तरच कळतो.

आता तक्रारी, कारण चारच स्टार आहेत.

एक, लांबी. मी बजावून सांगितलं होतं की पाण्याच्या रेघेखाली एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टी लावायची नाही, ती पत्र्यासाठी ठीक, पण सतत पाण्यात राहिली की ओल धरते आणि वरचा रंग फुगतो. इपॉक्सीत टाल्कम पावडर कालवून लांबी करायची, डबा मी आणून दिला होता. मी ऑफिसला गेलो त्या दिवशी पोराने सवयीने तळाला दोन ठिकाणी एनसी लावली, रंगावरून ओळखली मी. विचारलं तर आधी नाही म्हणाला. मग उस्तादांनी स्वतः खरवडून काढली, पण मी त्या दिवशी गेलो नसतो तर राहिली असती ना.

दोन, मास्क. टू-पॅक पीयू, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग फवारतात तेव्हा हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, फुफ्फुसाला फार वाईट, एकदा ॲलर्जी बसली की पुढे थोड्या वासानेपण दमा लागतो. हे लोक नाकाला रुमाल बांधून फवारतात. मी कार्ट्रिजवाला मास्क विकत आणून दिला, उस्तादांनी दोन कोट मास्क लावून मारले, तिसऱ्याला मास्क गळ्यात. पोराला म्हटलं तू तरी लाव. तो हसला. मला हे बघून बरं नाही वाटलं आणि यात मी काही करू शकलो नाही.

तीन, तारीख. "परवा देतो" याचा अर्थ आडगावमध्ये पाच ते नऊ दिवस असा आहे. मध्ये एक बोअरवेलची गाडी आली, ती आधी झाली. पण हेपण खरं की त्या पाच-नऊ दिवसांत प्रायमर मस्त कडक झाला, मीच असतो तर दुसऱ्या दिवशी घाईने वरचा कोट मारून परत मांजर बोलावली असती.

चार, एक चिलट. द्राक्षाचा सीझन, संध्याकाळी चिलटांचा ढग. म्हणून फवारणी पहाटे पाचला, जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवून, हायवेची रहदारी वाढायच्या आत. तरीपण उजव्या बाजूला मागच्या फळीजवळ एक चिलट रंगात बसलंय, पंखासकट. पाणीपेपरने घासून कंपाउंड, म्हणजे चकाकीची पेस्ट, मारू म्हणाले, मी म्हटलं राहू दे.

आतल्या बाजूला आम्ही रंग मारलाच नाही, लाकूड दिसू दिलं, इपॉक्सीवर उन्हाला टिकणारं पारदर्शक वार्निश. नुसतं इपॉक्सी उन्हात सोडलं तर पिवळं पडून खडूसारखं होतं, त्यामुळे यूव्हीवालं वार्निश पाहिजेच, आणि ते मला इथे दुकानात मिळालं नाही, सगळे कोपल, म्हणजे फर्निचरचं साधं वार्निश, काढून देतात. ऑनलाइन मागवलं. त्याच विक्रेत्याने मला तळाला लावायचा अँटीफाउलिंग रंग पण गळ्यात मारायचा प्रयत्न केला, तो महिनोन्‌महिने समुद्रात उभ्या राहणाऱ्या बोटींना, शेवाळ-शिंपले धरू नये म्हणून. जी होडी संध्याकाळी पाण्याबाहेर काढून पार्किंगमध्ये उलटी ठेवायची तिला काय करायचंय ते.

सागाच्या काठाला मात्र वार्निशपण नाही, बेल तेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं. हातात पकडायची जागा, तिथे वार्निश लवकर सुटतं, तेल दरवर्षी परत चोळता येतं. कोकणात होड्यांना काजूच्या टरफलाचं तेल चोळायचे तसंच काहीसं, फक्त आमचा बाकी प्लाय आधीच इपॉक्सीने बंद, तो काय तेल पिणार नाही. तेल लावलेले बोळे उस्तादांनी एकेक उघडून तारेवर वाळत घातले, गोळा करून कोपऱ्यात टाकू दिले नाहीत, कारण जवसाच्या तेलाचा बोळा सुकताना तापतो आणि ढिगात आपोआप पेट घेऊ शकतो. त्यांच्याकडे पूर्वी एकदा रात्री कोपरा जळालेला आहे, काळी भिंत दाखवली.

रेट. मजुरी ११,५००, त्यात जुना रंग काढायचे २,४०० धरून, नाव लिहायचे त्यांनी ३०० सांगितले, मी ५०० दिले. प्रायमर, पीयू, हार्डनर, थिनर, पेपर, टेप मिळून ६,८०० च्या आसपास, सामान मी आणलं. छोटा हत्ती दोन्ही वेळचा धरून १,८००. वजन काट्यावर केलं, रंगासकट ४३ किलो.

पहिल्यांदा पाण्यात घातली ती दाजींच्या शेततळ्यात, दिंडोरीकडे, द्राक्षबागेचं तळं, तीस बाय तीस मीटर. गंगापूर धरणाला परवानग्या वगैरे बघायला लागेल म्हणून आधी घरच्या पाण्यात. शेततळ्याला प्लॅस्टिकचा कागद असतो त्यामुळे दाजींची एकच अट, कागद फाटता कामा नये, म्हणून चार जणांनी उचलून अलगद सोडली. आणि त्या कागदावर पाय घसरला की माणूस वर येऊ शकत नाही, दरवर्षी बातम्या वाचतो आपण, त्यामुळे लाइफ जॅकेट आणि काठाला बांधलेला दोर दोन्ही ठेवले, बहिणीने त्याशिवाय मला तळ्याजवळ उभंसुद्धा राहू दिलं नाही. दाजी वरून ओरडत होते, झाला का दत्तू भोकनळ. आता दत्तू आपल्याच चांदवड तालुक्यातला, तळेगाव रोहीचा, २०१६ ला रिओ ऑलिंपिकला सिंगल स्कलमध्ये, म्हणजे एकट्याने होडी वल्हवायच्या शर्यतीत, तेरावा आला होता, आणि मी तीस मीटर जाऊन परत फिरता फिरता वल्हं कागदाला लावलं म्हणून शिव्या खाल्ल्या.

पाण्यात बसल्यावर लाल रंग पाण्याच्या दोन बोटं वर राहिला, दोन्ही बाजूंना सारखा. मी एकटा असताना. दाजी बसले की एक बोट.

उस्तादांना फोटो पाठवला. त्यांचा रिप्लाय आला, नावावर ऊन कुठल्या बाजूने येतंय, ट चमकतोय का बघ.

जाणार असाल तर सकाळी नवाच्या आत जा, दुपारी ते झोपतात. सोबत स्वतःची लांबी आणि मास्क घेऊन जा. आणि हार्डनर लागेल तेवढाच घ्या, मी हावरटासारखा मोठा डबा घेतला, उरलेला झाकण लावून कपाटात ठेवला होता, हवेतली ओल घेऊन आत खडीसाखरेसारखा गोठला, साडेआठशे रुपये तिथेच गेले.